मोजलेली हवा

सिग्नल लाल होता आणि दोघं फूटपाथच्या कडेला थांबले होते. भाजीची पिशवी मध्ये, तिचा एक बंद त्याच्या हातात, दुसरा बायकोच्या. दोघांनी मिळून धरायची एवढी एकच वस्तू आता उरलीय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते झटकून टाकलं. तेवढ्यात समोरच्या गाड्या सुटल्या. एक टेम्पो, दोन स्कूटर आणि त्यांच्यामागून ती. गाडी त्याने आधी पाहिलीच नाही, आधी ऐकली. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार कुणीतरी हलक्या हाताने लोटावं तसा एक उसासा, मग अर्धा क्षण काहीच नाही, मग टर्बोची शीळ, खालून वर चढत गेलेली. दोन दारांची, बुटकी, चाळीसएक वर्षांपूर्वीच्या बांधणीची गाडी, अगदी त्यांच्या गाडीची सख्खी बहीण शोभावी अशी, फक्त रंग पांढरा. त्याचं कोपर आपोआप बायकोच्या कोपराला लागलं. "ऐकलंस?" शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की तो गेला. ती वळली, त्याच्या ओठांकडे पाहू लागली, पण ओठ तोवर थांबले होते. "काय झालं?" तिने विचारलं. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. आता सांगायचं म्हणजे तिच्याकडे तोंड करायचं, एकेक शब्द सुटा करायचा, आणि एवढ्या रहदारीत उभं राहून सांगायचं की आपल्यासारखी गाडी गेली, तोच आवाज होता. आवाज हा शब्द तिच्यापुढे उच्चारायचा. "काही नाही," तो म्हणाला, आणि हातानेही तसंच केलं. ती पुन्हा समोर बघायला लागली. पिशवीचा बंद तिने जरा आवळून धरला, एवढंच.

घरी आल्यावर तिने भाजी निवडली, त्याने वर्तमानपत्र वाचलं, पण तो उसासा काही कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी कामावरही तो कानात घुमतच राहिला. तो पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होता. तीस वर्षं एका लांबट, ओलसर खोलीत तो लोकांच्या घरचे मीटर नळीला जोडून त्यातून हजार लिटर पाणी सोडत आला होता आणि मीटर किती म्हणतो ते बघत आला होता. मीटर म्हातारा झाला की कमी सांगतो, जास्त सहसा सांगत नाही, हे त्याला इतकं पाठ झालं होतं की माणसं भेटली तरी तो मनात तोच हिशोब मांडायचा. त्या दिवशी त्याला वाटलं, आपण तिला 'काही नाही' दिवसातून किती वेळा म्हणतो ते एकदा मोजून बघावं. मोजायची सवयच, दुसरं काय. संध्याकाळी घरी पाऊल टाकल्यापासून त्याने मोजायला घेतलं. फोनवर मुलगी काय म्हणाली? काही नाही, तब्येत विचारत होती. खाली कोण भांडत होतं? काही नाही, नेहमीचंच. का हसलास? काही नाही. जेवण होईस्तोवर अकरा झाले. अकरा वेळा तिने दार वाजवलं होतं आणि अकरा वेळा त्याने आतून 'कुणी नाही' म्हणून सांगितलं होतं. तो ताटावरून उठला, हात धुताना नळ नको तितका वेळ सोडून उभा राहिला.

बायको त्याला पहिल्यांदा दिसली ती वाकलेली, इंजिनावर. तो गाडी घेऊन गॅरेजात गेला होता. जुनीच गाडी, विटकरी रंगाची, पण वेगासाठी केलेली, आणि त्याची पहिलीच. गॅरेजवाले, म्हणजे पुढे जे त्याचे सासरे झाले ते, कुठेतरी गेले होते, आणि त्यांची चोवीस वर्षांची मुलगी बाह्या दुमडून, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावून, डोळे मिटून उभी होती. एखाद्याचं गुपित ऐकताना माणूस उभा राहतो तशी. त्याने वहीत आकडे लिहून आणले होते: कुठल्या वेगाला गाडी अडते, किती पेट्रोल खाते, तापमान काय. ती वही तिने बघितलीसुद्धा नाही. "तिसरं उपाशी आहे," ती म्हणाली. चार सिलिंडरांतलं तिसरं. त्याने विचारलं, कशावरून? "बाकीची तिघं बोलतायत, ते नुसतं हं हं करतंय." त्याला राग आला होता. असं कुणी काही म्हणावं आणि ते मोजता येऊ नये? पण तिने तिसऱ्याचा पेट्रोल फवारणारा भाग काढला, पांढऱ्या कागदावर धरला, आणि तो अर्धा बुजलेला होता. पुढच्या रविवारी गाडीत काहीही बिघाड नसताना तो पुन्हा तिथे गेला. त्याच्या पुढच्याही. पहिल्या दिवसापासून दोघं एकमेकांना अरेतुरे करत होते, आणि लग्नानंतर नातेवाइकांसमोर ती 'अहो' म्हणायची तेव्हा दोघांनाही हसू दाबावं लागायचं.

त्या गाडीत इंजिनाकडे जाणारी हवा आधी एका चौकोनी डबीतून जायची. डबीत स्प्रिंगवर धरलेलं एक पातं. हवा ओढली गेली की पातं लोटलं जायचं, जितकी हवा तितकं जास्त, आणि त्याच्याबरोबर फिरणारी पितळी जीभ एका काळ्या पट्टीवर घासत जाऊन गाडीच्या संगणकाला सांगायची, एवढी हवा आलीय, तिला साजेसं पेट्रोल सोड. त्याला ती डबी बघताक्षणी आवडली, कारण ती त्याच्या पाण्याच्या मीटरची मावसबहीणच होती. स्प्रिंगला एक दातेरी चाक होतं. चाक एक दात फिरवलं की स्प्रिंग घट्ट व्हायची, पातं कमी उघडायचं, पेट्रोल कमी पडायचं. सैल केलं की उलट. ती एक दात फिरवायची, गॅरेजातल्या पोऱ्याला पेडल दाबायला लावायची, आणि ऐकायची. तो वही घेऊन बाजूला. "आता?" तो विचारायचा. "आता जांभई देतंय." पुन्हा एक दात. "आता?" "आता घाईत आहे, घास न चावता गिळतंय." तो वहीत लिहायचा: पाचवा दात, घाईत. सहावा दात, बरं. त्याच्या खात्यातल्या कुणी ती वही पाहिली असती तर त्याला रजेवर पाठवलं असतं. पण त्या वर्षी डोंगरचढाईच्या शर्यतीत त्यांची गाडी तिसरी आली, आणि वर पोचल्यावर ती गाडीतून उतरून इंजिनाचं झाकण न उघडताच म्हणाली, "मजेत आहे." त्याला पुढे आयुष्यभर असं वाटत राहिलं, की आपल्याला जे आकड्यांत दिसतं त्याच्या पलीकडे एक खोली आहे, आणि तिची किल्ली या बाईकडे आहे. आपण दाराशी उभं राहायचं, ती आत काय चाललंय ते सांगणार. यापेक्षा जास्त त्याला कधी काही नको होतं.

कान एकदम गेले नाहीत. बारीक आवाज आधी गेले. दारावरची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली, मुलीच्या शाळेतल्या नाटकातलं तिचं पिचकं वाक्य गेलं. नस कमकुवत होतेय, तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, उलटायचं नाही. तिने वर्षभर कुणाला काही कळू दिलं नाही. यंत्र घेतलं, पण ते लावलं की सगळी माणसं एकाच लोखंडी कपाटात बसून बोलतात, असं म्हणून ती ते खणात ठेवायची. गॅरेजात मात्र ती जात राहिली, आणि तोही शनिवार-रविवार तिच्याबरोबर. आणि मग तो दिवस. कुणाची तरी काळी गाडी होती. ती स्टिअरिंगवर बसून पेडल दाबत होती, खिडकीतून हात बाहेर काढून मीटरचं चाक फिरवायला त्याला खुणा करत होती, आणि इंजिन ठोके द्यायला लागलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून खुळखुळवावेत तसे. हे ठोके म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आतला स्फोट वेळेआधी होतोय, आणखी जरा ताणलं तर इंजिन जाणार. ते त्याच्यासारख्या दगडालासुद्धा ऐकू येत होतं. आणि ती हसत होती. डोळे मिटून, मान किंचित तिरकी, 'मजेत आहे'चं ते जुनं हसू. त्याने खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तिने डोळे उघडले. "का बंद केलंस?" तो म्हणाला, "काही नाही." ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग उतरली, हात पुसले, फडकं घडी घालून ठेवलं. त्यानंतर ती गॅरेजात गेली नाही. याला बारा वर्षं झाली. सासरे गेले, गॅरेज गेलं, त्यांची गाडी इमारतीच्या मागच्या शेडमध्ये आच्छादनाखाली उभी राहिली, आणि त्या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही. ते पहिलं 'काही नाही' होतं. पुढची सगळी त्याच्याच पोटची.

सिग्नलवरच्या त्या दिवसानंतरच्या शनिवारी त्याने आच्छादन काढलं. का, ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. गाडी चालू झाली तर बायको पुन्हा काही सांगेल, अशी वेडी आशा होती की काय? तिला ऐकू येणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण माणूस रिकाम्या घरातही एखादे वेळी हाक मारून बघतो. घरी सांगितलं, खात्यात तपासणीचं काम तुंबलंय, काही शनिवार जावं लागेल. आणि गाडी ओढून नेली डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे जुन्या गाड्यांची इंजिनं जुळवून देणारा एक गोलमटोल, चाळिशीचा ट्यूनर. पातळ निळे हातमोजे घातल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, म्हणून ते नाव. त्याने डबी उघडली, काळी पट्टी उजेडात धरली आणि तो चुकचुकला. "काका, पट्टी खाल्ली गेलीय. मधे मधे बोलतच नाही ही. नवी मिळणार नाही, आणि मिळाली तरी मी म्हणेन नको." का नको? डॉक्टरला तेवढंच हवं होतं. "हे बघा. पातं म्हणजे दारात उभा राहिलेला पहारेकरी. मोजतो खरा, पण वाटही अडवतो. शिवाय तुमच्या सासऱ्यांनी इंजिनात हवा कोंबणारा टर्बो मोठा बसवलाय. निम्म्या जोरालाच पातं पूर्ण उघडतं, त्यापुढे कितीही हवा आली तरी याचं आपलं एकच, दार उघडं आहे, दार उघडं आहे." मीटर तपासनीस हसला, पण त्याला आत कुठेतरी दुखलं. त्या पात्याचा उसासाच तर तिला आवडायचा. त्यावरून तर ती दात ठरवायची.

मग पाच शनिवार तो त्या गाडीपाशी उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्याला इतकं जिवंत वाटलं नव्हतं. आधी त्यांनी तारेचा मीटर लावून बघितला. नळीच्या मधोमध केसासारखी तार, विजेने तापवलेली. हवा तिला थंड करते, तिला तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून किती वजनाची हवा गेली ते कळतं. वाट अडत नाही, थंडी-उन्हाचा हिशोब वेगळा करावा लागत नाही. त्याला ती कल्पना इतकी सुंदर वाटली की तो घरी जाताना रस्ताभर तिच्याविषयी विचार करत गेला, आणि दारात बायकोने "आज उशीर?" विचारलं तेव्हा ते सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. "काही नाही, काम होतं," तो म्हणाला. पण तार त्यांच्या इंजिनाला मानवेना. गाडी उभी असताना इंजिन वर-खाली, वर-खाली, धाप लागल्यासारखं. दोष सासऱ्यांच्या हौसेचा होता. त्यांनी झडपा उघडणारा दांडा वेगासाठी घासून घेतला होता, त्यामुळे कमी फेऱ्यांना हवा आत जाता जाता थोडी परत फिरायची. "तारेला दिशा कळत नाही," डॉक्टर म्हणाला. "आलेली हवा मोजते आणि परत गेलेलीही आलेलीच धरते." मीटर तपासनिसाला हे झणकन पटलं. खात्यातल्या नळ्यांना यासाठीच पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप असते. परत गेलेलं आलेलं म्हणून मोजायचं! बारा वर्षं घरात दुसरं काय चाललं होतं? तिने विचारायचं, ते तसंच परत जायचं, आणि हा आपल्या मनात लिहायचा, बोलणं झालं.

उरला तिसरा उपाय, आणि तो त्याला मुळीच पसंत नव्हता. त्यात मीटरच नव्हता. इंजिनाच्या तोंडाशी दाब किती, हवा किती गरम, फेरे किती, एवढं बघायचं आणि त्यावरून हवा किती गेली असेल ते ठरवायचं. "म्हणजे कुणी मोजतच नाही?" त्याने विचारलं. "नाही काका. हिशोब." "अंदाज म्हण." "अंदाज म्हणा. पण वाटेत काही नाही. हवेला पूर्ण मोकळी वाट. दांड्याचीही कटकट सांभाळून घेता येते." हिशोबासाठी लॅपटॉपवर एक तक्ता होता, आडव्या-उभ्या चौकटींचा, आणि त्यातली प्रत्येक चौकट याच इंजिनाला त्या त्या जोराला नेऊन भरायची होती. त्याने विचारलं, दुसऱ्या गाडीचा तक्ता चालत नाही का? "चालतो की. दुसऱ्याचा चष्मा चालतो तसा." पाचव्या शनिवारी दाबाचा सेन्सर बसला. पात्याची डबी डॉक्टरने कोपऱ्यातल्या खोक्यात ठेवली आणि तिच्या जागी सरळ, गुळगुळीत नळी आली. गाडी रोलरवर चढवली. म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणार, गाडी पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली, समोर मोठा पंखा. तो त्या गुळगुळीत नळीवर हात ठेवून उभा होता आणि त्याला आपण कुणाचं तरी सामान न विचारता घराबाहेर काढून ठेवलंय असं वाटत होतं. डॉक्टरने त्याच्या मागे बघून मान लववली. "या काकू," तो म्हणाला.

ती दारात उभी होती. बाहेरचं ऊन तिच्या मागे, त्यामुळे चेहरा दिसेना. "पाच शनिवार," ती म्हणाली. हल्ली तिचा आवाज एकाच पट्टीत लागायचा, जरा मोठा. "खात्यात पेट्रोल कधीपासून तपासायला लागलास? कान गेलेत माझे, नाक नाही. शेडमध्ये जाऊन बघितलं, गाडी नाही. मग चार ठिकाणी विचारलं." तो तिच्याजवळ गेला, उजेडात, तिला ओठ दिसावेत असा. "सांगणारच होतो. झाल्यावर."

"काय सांगणार होतास?"

त्याने तोंड उघडलं आणि सवयीने तेच यायला लागलं. "काही..."

"पुरे," तिने बोट वर केलं. "ते दोन शब्द मला आता पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरूनही वाचता येतात."

डॉक्टर निळे हातमोजे काढून काहीतरी शोधायला आत निघून गेला. रोलरच्या खोलीत दोघंच उरले, आणि ती गाडी. तिने गाडीकडे अजून पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आता नाही तर मग नाहीच. "त्या दिवशी," तो म्हणाला, "ती काळी गाडी. ठोके देत होतं इंजिन. तू हसत होतीस. म्हणून मी किल्ली..."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवशी बाबांनी इंजिन उघडलं, पिस्टन घरी आणून दाखवला. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे होते, मी बोट फिरवून बघितले. माझी चूक मला कळली. तुझं गप्प बसणं नाही कळलं रे." तिचा आवाज अजूनही एकाच पट्टीत होता, डोळे मात्र नव्हते. "अगं, ठोकतंय, एवढं म्हणायचं होतंस. मी पेट्रोल वाढवलं असतं. कान तुझे, हात माझे, आपलं भागलं असतं. तू मला दया दाखवलीस. मी वाट बघितली. आज सांगेल, उद्या सांगेल. मग वाट बघायचीही लाज वाटायला लागली."

त्याला सांगायचं होतं की मला दया नव्हती आली, मी घाबरलो होतो. त्या खोलीची किल्ली तुझ्याकडे होती, ती हरवली हे तुला कळलं तर मी कुठे जाणार, याची भीती. पण हे सगळं सुटं करून ओठांवर आणायला त्याच्याजवळ शब्दच नव्हते. "मी घाबरलो," तो एवढंच म्हणाला. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने ते दोनदा वाचल्यासारखं केलं. मग ती गाडीकडे वळली. झाकण वरच होतं. सरळ नळी बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं, पातं कुठे गेलं ते विचारलं नाही. "चालू कर," ती म्हणाली. त्याने केलं. तिने दोन्ही तळवे इंजिनाच्या माथ्यावर ठेवले आणि डोळे मिटले. पाच शनिवार तो याचसाठी तर उभा होता. हात सांगतील. हातांना कळेल. कितीतरी वेळ ती तशी उभी राहिली. मग तिने डोळे उघडले, हात काढून फडक्याला पुसले. "थरथरतंय," ती म्हणाली. "कुठलंही इंजिन थरथरतं. मला काही कळत नाही." ते तिने इतकं साधेपणाने सांगितलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिच्या नाही.

डॉक्टर परत आला तेव्हा ती लॅपटॉपपुढे वाकली होती. तक्त्यातल्या चौकटी, त्यांवर पळणारा ठिपका, खाली हवा-पेट्रोलचं मिश्रण ओलं की कोरडं ते दाखवणारी रेघ. "ही रेघ इथे का खचतेय?" तिने विचारलं. डॉक्टर सांगायला लागला, मग थांबला, हळू बोलायला हवं हे लक्षात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. तिने दोन प्रश्न विचारले, तिसऱ्याला डॉक्टरने डोकं खाजवलं. इथे पेडल दाबल्या दाबल्या ते घोट चुकवायचं, ती म्हणाली, रेघेवर बोट ठेवून, हेच ते, मी हे ऐकायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचं बोलणं कुणीतरी अक्षरांत लिहून तिच्यापुढे धरलं होतं, आणि ती भराभर वाचत होती. मीटर तपासनिसाला तिचा हेवा वाटला. त्याला त्या रेघेत नुसती रेघ दिसत होती. "मी बसते," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता स्टिअरिंगवर जाऊन बसली, लॅपटॉप शेजारच्या सीटवर. डॉक्टर तिला चौकटी कशा बदलायच्या ते दाखवून बाहेर आला. "काकू बरोबर करतील," तो म्हणाला. "एकच अडचण आहे. ठोके या तक्त्यात दिसत नाहीत. जुन्या इंजिनावर त्याचं यंत्र भरवशाचं नसतं. ते ऐकावंच लागतं." त्याने खुंटीवरून जाडजूड हेडफोन काढले, त्यांची वायर इंजिनाला बोल्टने घट्ट केलेल्या एका बटणापर्यंत जात होती. नेहमी हे काम तो स्वतः करायचा. आज त्याने ते काकांपुढे धरले.

"मला कान नाही," मीटर तपासनीस म्हणाला. "कधीच नव्हता."

"आहेत तेवढे पुरतील," डॉक्टर म्हणाला.

तो खिडकीशी, पंख्याच्या वाऱ्यापासून जरा बाजूला उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून. हेडफोन कानांवर बसले आणि जग बंद झालं. पंखा गेला, रस्ता गेला, आणि कुठल्यातरी खोल विहिरीत चार माणसं धान्य कांडत बसल्यासारखा आवाज सुरू झाला. तिने पेडल दाबलं. चाकं रोलरवर गुरगुरली, ती त्याला पायातून कळली. कांडणं जोरात झालं. तिची एक नजर रेघेवर होती, एक त्याच्या ओठांवर. "ठोका?" तिने ओठांनी विचारलं. तो कान देऊन ऐकत होता. असं त्याने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. ती होती म्हणून त्याला कधी ऐकावंच लागलं नव्हतं. एक बारीक, कोरडा टक् आला, मग लगेच दुसरा. "हो!" तो म्हणाला. "ठोकतंय!" तिने पेडल सोडलं, दोन चौकटींत आकडे बदलले, पुन्हा दाबलं. "आता?" तिने विचारलं. "गेला," तो म्हणाला. "तो गेला." तिने मान हलवली, पण नजर काढली नाही. "ते झालं," ती म्हणाली. "पण कसा येतोय आवाज?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? खात्यात असं लिहितोस?"

त्याने डोळे मिटले. आपण डोळे मिटले हे लक्षात येऊन घाईघाईने उघडले, कारण तिला ओठ हवे होते आणि त्याला तिचा चेहरा. "सुरुवातीला खरखर आहे," तो म्हणाला. "वाळूवरून पोतं ओढल्यासारखी. मग अडीच हजाराला ती जाते आणि गोल होतो. गोल म्हणजे... थांब. टाकीत पाणी वरपर्यंत आलं की नळाच्या धारेचा आवाज जाड होतो ना, तसा." तिच्या कपाळावर आठी आली, ती पूर्ण लक्ष द्यायची तेव्हा यायची ती. "आणि तो उसासा?" तिने विचारलं. "शिळेच्या आधीचा?" त्याने ऐकलं. तिने पुन्हा पेडल दाबलं आणि त्याने पुन्हा ऐकलं. शीळ येत होती, सरळ, कुठेही न अडता, पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळी. तिच्या आधी काहीच नव्हतं. पातं नव्हतं, तर ते लोटलं जाण्याचा आवाज कुठून येणार? "नाही," तो तिला म्हणाला. "तो आता नाही. मलाही येत नाही." मग तिचा खांदा जरा सैल पडला, पुष्कळ दिवस उचलून धरलेलं काहीतरी कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरल्यासारखा. "बरं," ती म्हणाली. "मग जे आहे ते सांग."

आणि तो सांगायला लागला. शीळ कुठून निघते आणि कुठे पातळ होते, तिसरं सिलिंडर त्याला बाकीच्यांपेक्षा हळू का वाटतं, की तो त्याचा भास आहे, कांडण कधी एका लयीत येतं आणि कधी एकजण मागे राहतो. एखादा शब्द चुकला की तो परत घेत होता, दुसरा शोधत होता, दुसराही बसला नाही की हातांनी हवेत आकार करत होता. ती पेडल दाबत होती, सोडत होती, आकडे बदलत होती, "पुन्हा सांग" म्हणत होती, एकदा तर "खोटं बोलू नकोस, असा आवाज असतो का कधी?" म्हणून हसली. शेवटची चौकट भरल्यावर डॉक्टरने खूण केली, तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, मागोमाग पंखा थांबला. हेडफोन कानांवर असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. शांत झालेल्या त्या खोलीत त्याचा आवाज भिंतींवर आपटत होता, रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून आत बघायला लागली होती, आणि डॉक्टर त्याला हात करून सांगत होता, काका, झालं, बंद झालं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बंद होता होता शेवटचे दोन-तीन फेरे कसे पडले ते तो तिला सांगत होता, आणि ती खिडकीच्या कडेवर हनुवटी टेकून, नजर न हलवता, त्याचे ओठ वाचत होती.